किल्ली खुंटीला, गाडी दारात आणि आग मध्यरात्री!

मोटारगाडीला आग लागली असे कोणी सांगितले, की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती धावती गाडी. घाट चढताना इंजिन तापले, पेट्रोलची नळी फुटली, समोरच्या गाडीशी टक्कर झाली. आगीला काहीतरी निमित्त हवे, असे आपण धरूनच चालतो. पण संध्याकाळी सहा वाजता दारात आणून उभी केलेली, इंजिन पार थंड झालेली, दिवे मालवलेली आणि किल्ली काढून घरातल्या खुंटीला अडकवलेली गाडी रात्री दोन वाजता आपण होऊन पेटली, असे कोणी सांगू लागला तर आपण त्याच्याकडे जरा संशयानेच पाहू. भानामती म्हणू, नाहीतर भाऊबंदकी म्हणू!

अमेरिकेत मात्र असे एकदोन नव्हे, शेकडो गाड्यांच्या बाबतीत घडले. तिथल्या घराघरांना लागूनच गाडीची खोली असते आणि घरे बहुतेक लाकडी सांगाड्याची. तेव्हा गाडी पेटली म्हणजे पुष्कळदा घरही पेटले. माणसे झोपेत असताना पेटले. पहिल्या पहिल्यांदा तर खुद्द घरमालकांचाच यावर विश्वास बसेना, मग विमा कंपनीचा कुठून बसणार? ‘गाडी बंद होती ना? मग आग गाडीतून कशी लागेल?’ हा प्रश्न कितीतरी जणांना ऐकून घ्यावा लागला असेल. या प्रकरणाचा जो जाहीर वृत्तान्त उपलब्ध आहे तो मी सवडीने वाचून काढला, आणि वाचता वाचता असे वाटले की ही हकिगत आपल्याकडच्या घरांतूनही माहीत असायला हवी. कारण तिच्या मुळाशी आहे तो अंगठ्याएवढा एक स्विच आणि तिच्या शेवटाशी आहे ते टपालाने आलेले एक साधे पत्र.

या गाड्यांत मोठा भरणा होता तो ‘पिकअप’ नावाच्या मालमोटारींचा. पिकअप म्हणजे पुढे दोन-चार माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. आपल्याकडच्या छोट्या टेम्पोची ही थोराड, धष्टपुष्ट अमेरिकन मावशी म्हणा ना! सुतार, नळकाम करणारे, रंगारी, शेतकरी, वीजतारांवर काम करणारे कामगार, अशा सर्वांचे पोट या गाडीवर. हत्यारे त्यातच, शिडी त्यातच, आणि रविवारी पोराबाळांना घेऊन फिरायला जायचे तेही त्यातच. फोर्ड कंपनीच्या एफ मालिकेतील मालमोटारी तर १९७७ पासून त्या देशात सर्वाधिक खपणाऱ्या मालमोटारी ठरत आल्या आहेत. तेव्हा अशा गाडीत एखादा दोष निघाला की तो लाखांच्या हिशेबात निघतो.

आता त्या स्विचकडे वळू. पण त्याआधी तो गाडीत बसवलाच कशाला, हे सांगितले पाहिजे.

अमेरिकेतले रस्ते मैलोन्‌मैल सरळ. पायाने गती सांभाळून सांभाळून पोटरीत गोळे येतात. म्हणून तिकडच्या गाड्यांत एक सोय असते. बटण दाबले की गाडी ठरावीक वेगाने आपली आपण चालत राहते, चालकाने पाय नुसते बाजूला ठेवायचे. तिला ‘क्रूझ कंट्रोल’ म्हणतात. गंमत अशी की ही युक्ती ज्या इंजिनियराने शोधली तो राल्फ टीटर लहानपणापासून आंधळा होता. शेजारी बसलेल्याची गाडी हिसके देत चालते हे त्याला डोळसांपेक्षा अधिक जाणवत असावे. १९५० साली त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ सालच्या क्रायस्लर गाड्यांत ही सोय प्रथम विक्रीला आली.

आपण होऊन चालणारी गाडी आपण होऊन थांबली नाही तर काय, ही धास्ती ओघानेच आली. ब्रेकवर पाय पडताच क्रूझ कंट्रोल सुटले पाहिजे. त्यासाठी ब्रेकच्या पायपट्टीपाशी एक स्विच असतोच. पण तो बिघडला तर? म्हणून फोर्डच्या या गाड्यांत दुसरा एक स्विच बसवलेला होता. तो थेट ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चाले. ब्रेक जोरात दाबला की तेलाचा दाब वाढायचा आणि त्या दाबाने स्विच उघडून क्रूझ कंट्रोलचा वीजपुरवठा तोडायचा. एकावर दुसरा पहारेकरी! कल्पना उत्तमच होती, यात मला शंका नाही. पुढे आगी लावल्या त्या याच पहारेकऱ्याने. कुंपणच शेत खाते म्हणतात ते असे.

हा स्विच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने बनवलेला होता. त्याच्या पोटात दोन कप्पे. एका कप्प्यात ब्रेकचे तेल, दुसऱ्यात विजेच्या पट्ट्या. मधे आडपडदा होता तो कॅप्टन या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा. हे प्लास्टिक काही हलक्या प्रतीचे नव्हे, अंतराळयानांच्या वेष्टनात वापरतात ते हेच. पण पापुद्रा तो पापुद्राच! दर वेळी ब्रेक दाबला की तो एकीकडे फुगायचा, सोडला की परत यायचा. काही गाड्यांत तर ब्रेकवरून पाय झटकन उचलला, की तेलात क्षणभर उलटी ओढ निर्माण होऊन पापुद्रा दुसऱ्या बाजूलाही ताणला जाई. हजारो वेळा, लाख वेळा असे झाले की त्याला बारीकशी चीर जायची. चिरेतून तेल विजेच्या कप्प्यात पाझरायचे.

ब्रेकच्या तेलाचा एक गुण गृहिणींना चटकन समजेल. पावसाळ्यात बरणीतले मीठ जसे हवेतले पाणी ओढून घेते, तसे हे तेलही हळूहळू पाणी शोषते. कोरे तेल वीज फारशी वाहू देत नाही. जुने, पाणी मुरलेले तेल वाहू देते. ते विजेच्या पट्ट्यांवर साचले की पट्ट्या गंजायच्या, गंजातून आणि तेलातून वीज स्विचच्या धातूच्या बुडाकडे वाट काढायची आणि ती जागा तापू लागायची. थोडी थोडी, पण सतत. शेवटी स्विचचे प्लास्टिक आणि ते तेल दोन्ही पेट घ्यायचे. वर ब्रेकच्या तेलाची प्लास्टिकची टाकी जवळच असते, म्हणजे सरपणही हाताशी!

इथे कोणी विचारील, गाडी बंद केल्यावर वीज आली कुठून? खरी मेख आहे ती इथेच. या स्विचला वीज किल्लीच्या मार्गाने येतच नव्हती. तो थेट बॅटरीला जोडलेला होता, म्हणजे अष्टौप्रहर जिवंत. गावाला जाताना आपण घरातला मेन स्विच बंद करतो आणि निश्चिंत होतो. पण समजा, एक तार मेनच्या अलीकडूनच कोणी जोडून ठेवली असेल तर? आपण गावाला, घराला कुलूप, आणि भिंतीत वीज खेळते आहे! फोर्डच्या मालकाने किल्ली काढली, दरवाजा लावला, जेवला, झोपला. स्विच मात्र जागा होता.

‘मग फ्यूज काय करत होता?’ असाही प्रश्न येईल. फ्यूज होता. पण तो होता त्या मार्गावरच्या सगळ्या भारासाठी, म्हणजे दणकट. पाझरलेल्या तेलातून जो प्रवाह वाही तो फ्यूज उडवण्याइतका मोठा नसे, पण अंगठ्याएवढ्या जागेत निखारा फुलवायला पुरेसा असे. ही गोष्ट माझ्या मते फार ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फ्यूज तारेचे रक्षण करतो. तारेच्या टोकाला असलेल्या प्रत्येक नाजूक वस्तूचे रक्षण तो करीलच असे नाही.

आता परत बोलावण्याची हकिगत. तिकडे याला ‘रिकॉल’ म्हणतात. विकून झालेल्या गाडीत सुरक्षिततेचा दोष निघाला तर कारखानदाराने मालकांना पत्र धाडायचे, गाडी बोलावून घ्यायची आणि दोष फुकट काढून द्यायचा. हे काही कारखानदारांच्या चांगुलपणातून सुरू झालेले नाही. १९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींच्या धोकादायक बांधणीवर एक पुस्तक लिहिले. त्यावर देशभर गदारोळ उठला आणि १९६६ च्या सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. त्यातही प्रथम फक्त कळवण्याची सक्ती होती. दुरुस्ती फुकट करून देण्याची सक्ती आली ती १९७४ साली. म्हणजे मधली आठ वर्षे ‘आपल्या गाडीत धोका आहे, कळावे, लोभ असावा’ एवढ्यावर भागत होते म्हणायचे!

या स्विचपायी पहिली बोलावणी निघाली ती १९९९ च्या मे महिन्यात, आणि तीही मालमोटारींना नव्हे. १९९२ आणि १९९३ सालच्या सुमारे २ लाख ७९ हजार आलिशान मोटारी होत्या त्या. तपासणी झाली, दुरुस्ती झाली, प्रकरण मिटले असे वाटले. पण त्याच जातीचा स्विच कंपनीच्या इतर कितीतरी गाड्यांत बसलेला होता. त्या गाड्या अजून नव्या होत्या. पापुद्रे अजून शाबूत होते.

पुढली पाच वर्षे गेली. गाड्या जुन्या होत गेल्या आणि सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्याकडे पत्रे येऊ लागली. या वेळची पत्रे पिकअपवाल्यांची होती. जानेवारी २००५ मध्ये सुमारे ७ लाख ९२ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या, मुख्यतः २००० सालच्या. खात्याने विचारले, आणि त्याआधीच्या वर्षांच्या गाड्यांचे काय? सप्टेंबर २००५ मध्ये १९९४ पासून २००२ पर्यंतच्या आणखी ३८ लाख गाड्या आल्या. एफ-१५० हीच त्यांतली मुख्य. ऑगस्ट २००६ मध्ये आणखी १२ लाख, त्यांत जड कामाच्या थोरल्या मालमोटारी. ऑगस्ट २००७ मध्ये ३६ लाख. २००८ च्या आरंभी सव्वादोन लाख. आणि ऑक्टोबर २००९ मध्ये शेवटच्या ४५ लाख, ज्यांतल्या बहुतेक ‘खबरदारी म्हणून’. सगळी बेरीज एक कोटी चाळीस लाखांच्या वर गेली. एका स्विचपायी!

ही यादी मी मुद्दाम सबंध दिली. एकदम वाचली की तिच्यातले वैगुण्य आपोआप दिसते. भाकरीचा तुकडा तुकडा मोडून द्यावा तशी ही बोलावणी निघाली. पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत दहा वर्षे. आज तुझी गाडी धोक्याची, तुझ्या शेजाऱ्याची नाही. दोन वर्षांनी शेजाऱ्याचीही. तेवढ्या अवधीत शेजारी आपला दारात गाडी लावून झोपतोच आहे.

कंपनीला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. कंपनीचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. स्विच एकच असला तरी प्रत्येक गाडीतली त्याची ठेवण निराळी, ब्रेकची रचना निराळी, आणि काही गाड्यांत आगीचे प्रमाण खरोखरच फार कमी होते. आकडे पाहून वागणाऱ्या माणसाला आकडे जमेपर्यंत थांबावेसे वाटते. पण इथे एक आकडा जमायचा म्हणजे एक गाडी जळायची, एखाद्या वेळी घर जळायचे. हा हिशेब पूर्ण व्हायची वाट कोणी आणि किती पाहायची? आणि ज्या दोषाचे मूळ पापुद्र्याच्या झिजण्यात आहे तो नव्या गाडीत दिसणारच नाही, हे तर १९९९ सालीही कळण्यासारखे होते. शिवाय कंपनीला हा अनुभव अगदीच नवा नव्हता. १९९६ साली चावीच्या स्विचमधून आगी लागतात म्हणून तिने सुमारे ८७ लाख गाड्या बोलावल्या होत्या, आणि त्याही कधी कधी उभ्या उभ्याच पेटत.

आणि दुरुस्ती काय होती? ऐकून हसू येईल. स्विचकडे जाणाऱ्या तारेत एक छोटा जोड घालायचा आणि त्या जोडात कमी क्षमतेचा फ्यूज बसवायचा. पाझर सुरू झाला की हा फ्यूज आधी उडणार आणि निखारा फुलण्यापूर्वीच वीज तुटणार. काम किरकोळच. तरीही २००५ मध्ये एवढ्या गाड्यांना पुरतील इतके जोड तयार नव्हते. म्हणून मालकांना सांगितले गेले की तूर्त या आणि स्विचची तार काढून घ्या, क्रूझ कंट्रोल बंद राहील. जोड आले की पुन्हा या. म्हणजे एका तारेसाठी दोन खेपा.

दोन खेपा! रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, ते पाहा. नोकरदार माणूस आपली मोटार कारखान्यात सोडून बसने कचेरीत जाऊ शकतो. सुताराची हत्यारेच गाडीत. गाडी गेली म्हणजे दिवस गेला. गाडी तर रोज सुरळीत चालते आहे, ब्रेक लागतो आहे, दिवे लागताहेत. मग पत्र टेबलाच्या खणात जाते. पुढल्या आठवड्यात बघू. २००८ साली खात्याला मुद्दाम जाहीर आवाहन करावे लागले की लक्षावधी गाड्या अजून आलेल्याच नाहीत, कृपा करून आणा. तसेही अमेरिकेत परत बोलावलेल्या गाड्यांपैकी निदान चतुर्थांश कधी दुरुस्तीला येतच नाहीत, आणि गाडी जितकी जुनी तितके हे प्रमाण वाढते. जुनी मालमोटार एका हातातून दुसऱ्या हातात जाते, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पत्र मात्र जाते ते ज्याच्या नावावर नोंद असेल त्याच्या पत्त्यावर.

एवढे खरे की पत्र निघाले तरी. काही वेळा तेही निघत नाही. याच देशात, मालमोटारींच्याच बाबतीत, उलट टोकाची एक हकिगत घडलेली आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९७३ पासून १९८७ पर्यंतच्या आपल्या मोठ्या पिकअपमध्ये पेट्रोलच्या टाक्या सांगाड्याच्या बाहेर, दोन्ही कुशींना बसवल्या होत्या. टाकी मोठी बसते हा फायदा. बाजूने धडक बसली की टाकी पहिल्यांदा फुटते हा तोटा. १९९२ च्या नोव्हेंबरात एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने अशा गाडीला धडक देऊन ती कशी भडकते हे सबंध देशाला दाखवले. पुढे उघडकीस आले की भडका खात्रीने उडावा म्हणून कार्यक्रमवाल्यांनी गाडीखाली खेळण्यातल्या अग्निबाणाची दारू लावून ठेवली होती! जनरल मोटर्सने दावा लावला आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये एनबीसीला जाहीर माफी मागावी लागली.

या माफीने बिचाऱ्या पिकअपवाल्यांचे फार नुकसान झाले, असे माझे मत आहे. दिवाळीत एकाने खोटी आरडाओरड केली की खऱ्या आगीलाही लोक धावत नाहीत, तसे वातावरण झाले. खात्याने १९९३ साली कंपनीला गाड्या परत बोलवायला सांगितले. कंपनीने नकार दिला. १९९४ च्या ऑक्टोबरात वाहतूकमंत्री फेदेरिको पेन्या यांनी टाक्यांच्या जागेत दोष आहे असा निष्कर्ष जाहीर केला, आणि डिसेंबरात तडजोड झाली. कंपनीने सुरक्षिततेच्या निरनिराळ्या कामांसाठी ५ कोटी १० लाख डॉलर द्यावेत आणि गाड्या परत बोलावू नयेत, असे ठरले. पैसे गेले चांगल्याच कामाला. पण टाक्या होत्या तिथेच राहिल्या. त्या गाड्यांपुढे स्विचच्या गाड्यांचे भाग्य थोरच म्हटले पाहिजे. उशिरा का होईना, पत्र तरी आले.

एक जाता जाता सांगतो. २०१८ च्या सप्टेंबरात फोर्डने सुमारे २० लाख एफ-१५० गाड्या पुन्हा बोलावल्या. या वेळी दोष होता सीटच्या पट्ट्यात. अपघात होताच पट्टा आवळून माणसाला धरून ठेवणारे एक यंत्र असते. ते उडताना ठिणग्या पडत आणि आतल्या अस्तराला आग लागण्याचा संभव असे. पुन्हा पहारेकरीच! धूर वा आगीच्या तक्रारी अवघ्या तेवीस होत्या. तेवीस तक्रारींवर वीस लाख गाड्या. म्हणजे मधल्या वर्षांत वाट पाहण्याची हौस कमी झाली होती, असे म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे पुष्कळ वर्षे परत बोलावण्याचा कायदाच नव्हता. २०१० साली टाटांच्या नॅनो गाड्यांना आगी लागल्या तेव्हा कंपनीने जादा संरक्षक भाग फुकट बसवून दिले, पण हे ‘परत बोलावणे’ नव्हे असेही आवर्जून सांगितले. शब्दाचीच केवढी ती धास्ती! २०१२ साली कारखानदारांच्या संघटनेने आपण होऊन एक आचारसंहिता स्वीकारली. मग २०१९ साली मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आता सरकार कारखानदाराला गाड्या परत बोलवायचा हुकूम करू शकते, आणि अशा सक्तीच्या बोलावण्यात १० लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद नियमांत ठेवलेली आहे. मालकाला तक्रार नोंदवता यावी म्हणून संकेतस्थळावर सोयही केली गेली. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्याच्या रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, त्यानंतर महिन्याभरात तिच्या कंपनीने १,४४१ स्कूटरी बोलावल्या. हे सारे चांगलेच झाले.

पण नियम लागू झाले तेव्हा त्यांत एक मर्यादा घातलेली होती. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच ते लागू. अमेरिकेत दुरुस्ती फुकट मिळण्याचा हक्क पूर्वी दहा वर्षे होता, तो २०१५ च्या कायद्याने पंधरा वर्षे झाला. वाचकांनी फोर्डच्या यादीवर पुन्हा नजर टाकावी. १९९४ सालची गाडी २००५ साली परत आली, म्हणजे अकरा वर्षांनी. आपल्या मापाने मोजले असते तर ती केव्हाच बाद झाली असती. पापुद्रा झिजायला लागणारा काळ आणि कायद्याची मुदत, यांची गाठच पडली नसती. आणि आपल्याकडे सात वर्षांचा टेम्पो म्हणजे काय? तो तर ऐन तारुण्यात असतो!

आमच्या मंडईपाशी भाजीचा टेम्पो घेऊन येणारा एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. त्याला मी एकदा विचारले,

“काय रे, कंपनीने गाडी दुरुस्तीला बोलावली, तर तुला पत्र येईल का?”

“पत्र? कुणाच्या नावावर येणार काका? गाडी अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे. त्यानं दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं मला. पहिला तर आता गाव सोडून गेला.”

“नावावर करून का घेत नाहीस?”

“कर्ज फिटलं की करणार. आणि एजंट पैसे किती सांगतो, ठाऊक आहे का?”

मी गप्प बसलो. मग सहज म्हणून त्याला त्या स्विचची हकिगत सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. फ्यूजचा भाग आला तसा त्याने डोके खाजवले.

“काका, आमच्यात फ्यूज सारखा उडायचा. गॅरेजवाल्यानं काढून टाकला आणि डायरेक्ट तार बांधून दिली. दोन वर्षं झाली, काही त्रास नाही.”

“रात्री गाडी कुठे लावतोस?”

“घरालाच लागून. पत्र्याच्या शेडमध्ये. शेजारी आईचं स्वयंपाकघर.”

एवढे बोलून तो गाडीत चढला, पण किल्ली फिरवायच्या आधी पुन्हा खाली उतरला, केबिनमधली सीट वर केली आणि मला हाक मारून म्हणाला, “काका, या जरा. ती तार कुठली ते दाखवतो. इथून बॅटरीला गेली आहे बघा.”

तार बॅटरीलाच गेली होती. वेष्टन एका जागी वितळून काळे पडलेले होते. त्याने तिथेच पान्याने बॅटरीचे टोक सोडवले आणि भाजीच्या पाट्या उतरवायला पोराला हाक मारली. गॅरेज दहा वाजता उघडणार होते.